पालिका सॉफ्टवेअर घेते, तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दादर, गिरगाव, परळ या भागांत 'पीएमसी' हा शब्द आता घराघरांत ठाऊक झाला आहे. इमारत जुनी झाली, सभासदांनी पुनर्विकासाचा विचार सुरू केला, की पहिला प्रश्न येतो, पीएमसी कोण नेमायचा? पीएमसी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट. बिल्डर निवडायच्या आधी सोसायटीने नेमायचा सल्लागार. इमारतीची कागदपत्रं तपासायची, काय शक्य आहे आणि काय नाही याचा अहवाल द्यायचा, निविदा तयार करायची, आलेल्या निविदांची तुलना करून सभासदांपुढे मांडायची, हे त्याचं काम. राज्य सरकारने ३ जानेवारी २००९ रोजी सहकार कायद्याच्या कलम ७९ अ खाली निर्देश काढले, तेव्हापासून ही पद्धत रुळली. आता सोसायटीच्या सभेत कुणीतरी आजोबा उठून विचारतातच, "या पीएमसीचं आणि बिल्डरचं आधीपासून काही नातं नाही ना?"

हा प्रश्न फार मोलाचा आहे. आपली महापालिका जेव्हा कोट्यवधी रुपयांचं सॉफ्टवेअर विकत घेते, तेव्हाही असाच एक सल्लागार आधी नेमला जातो. पण तिथे हा प्रश्न विचारायला कुणी आजोबा उठत नाहीत, कारण सल्लागार नेमला गेला हेच आपल्याला ठाऊक नसतं. मी गेली बरीच वर्षं नगरपालिकांच्या हिशेबाच्या आणि संगणकीकरणाच्या कामात आहे. त्यामुळे हा सल्लागार नेमकं करतो काय, आणि त्याने ते नीट केलं नाही तर तुमच्या-माझ्या खिशाला झळ कशी लागते, हे आज सांगावं म्हणतो.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. हिला ईआरपी म्हणतात, एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग. नाव भारदस्त आहे, कल्पना सोपी आहे. संपूर्ण संस्थेची एकच चोपडी. केईएम रुग्णालयाच्या भांडारात इंजेक्शनच्या सुयांची खोकी आली, की भांडारपालाने एकदा नोंद करायची. त्या एका नोंदीने साठा वाढतो, पुरवठादाराचं देणं उभं राहतं, त्या लेखाशीर्षाची शिल्लक तरतूद कमी होते आणि हिशेब खात्याला ते बिल देय म्हणून दिसू लागतं. कागदाच्या काळात हीच गोष्ट चार वह्यांत, चार माणसांच्या हस्ताक्षरात लिहिली जायची, आणि वर्षअखेर चारही वह्या जुळल्या तर तो शुभशकुन मानायचे!

मुंबई महापालिकेने गेल्या दशकात नव्हे, त्याच्याही आधीच्या दशकाच्या उत्तरार्धात अशी प्रणाली घेतली. सॅप नावाची. १९७२ साली जर्मनीत आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी सुरू केलेली ही कंपनी. तिचं सॉफ्टवेअर मुळात कारखान्यांसाठी होतं. ते आपल्या पालिकेत आलं याला एक निमित्त होतं. केंद्र सरकारने डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजना सुरू केली. रस्ते, पाणी, गटारं यांसाठी केंद्राचे पैसे हवे असतील तर शहरांनी काही सुधारणा करायच्या, अशी अट होती. त्यांत दोन होत्या, दुहेरी नोंदीची उपार्जित हिशेबपद्धती आणि ई-गव्हर्नन्स.

ही हिशेबपद्धती म्हणजे काय? जुन्या पद्धतीत पैसे हातात आले की जमा, हातातून गेले की खर्च. लालबागच्या एखाद्या चाळीच्या मालकाकडे सहा वर्षांचा कर थकला असेल, तर तो पालिकेच्या ताळेबंदात कुठेच नसायचा. कंत्राटदाराचं काम झालं आणि बिल अडकलं, तर ते देणंही नाही. नवी पद्धत म्हणते, येणं झालं त्या दिवशी लिहा, देणं झालं त्या दिवशी लिहा. असं केल्यावरच शहराची खरी सांपत्तिक स्थिती कळते. हे हातवह्यांनी करणं पालिकेच्या आकारमानात अशक्यच. म्हणून संगणक.

खरं तर महाराष्ट्रात वाट दाखवली ती कल्याण-डोंबिवलीने. या शतकाच्या अगदी सुरुवातीला तिथे नागरी सुविधा केंद्र उभं राहिलं. एका खिडकीवर अर्ज, कर, दाखला, तक्रार. त्याची दखल राज्याने घेतली आणि इतर शहरांनीही तो नमुना उचलला. पण कल्याण-डोंबिवली आणि मुंबई यांत फरक आहे. मुंबईत तेव्हा २४ प्रशासकीय विभाग, सुमारे एक लाख कर्मचारी, स्वतःची मोठी रुग्णालयं, वैद्यकीय महाविद्यालयं, शाळा, धरणं. आणि या सगळ्याला नियम लागू कुठला? १८८८ चा कायदा. ब्रिटिशांच्या काळातला. त्यातून अंदाजपत्रकंही वेगवेगळी, 'अ', 'ब', शिक्षणाचं 'ई', पाणी व मलनिःसारणाचं 'ग'. वाल्डॉर्फच्या अभियंत्याने सॉफ्टवेअर लिहिताना मुंबईचं 'ग' अंदाजपत्रक काही डोळ्यांपुढे ठेवलं नव्हतं.

इथे सल्लागाराची खरी गरज सुरू होते. तयार कपडा आणि आपला बांधा यांत अंतर आहे. दोन मार्ग आहेत. कपडा कापून-शिवून आपल्या मापाचा करा, किंवा आपण थोडं बदला. सॉफ्टवेअर फार कापलं तर ते पुढे दुरुस्त करता येत नाही, नवी आवृत्ती आली की सगळे टाके उसवतात. काहीच कापलं नाही तर कायदा मोडतो. कुठे कापायचं आणि कुठे पद्धत बदलायची, हा निर्णय विक्रेत्यावर सोडला तर तो म्हणेल, 'सगळं कापून देतो, दर ताशी अमुक.' खात्यावर सोडला तर खातं म्हणेल, 'आमच्याकडे पन्नास वर्षं असंच चालतं.' दोघांच्याही पगारावर नसलेला तिसरा माणूस लागतो.

बर्मिंगहॅमची हकीकत यासाठी ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडमधलं हे मोठं शहर, त्यांच्याकडेही वर्षानुवर्षं सॅपच होतं. ते सोडून ओरॅकल कंपनीची नवी प्रणाली त्यांनी एप्रिल २०२२ मध्ये सुरू केली. मूळ अंदाज सुमारे दोन कोटी पौंडांचा. ठरवलं असं होतं की आपण आपल्या पद्धती बदलू, सॉफ्टवेअर बदलायचं नाही. प्रत्यक्षात उलट झालं. बँकेत आलेली रक्कम कुणाच्या खात्यावर जमा करायची, ही जुळणी करणारा भाग खास बनवून घेतला आणि नेमका तोच चालेना. माणसं बसवून हजारो नोंदी हाताने जुळवाव्या लागल्या. शहराला आपले हिशेब धड सादर करता येईनात. खर्चाचा आकडा दहा कोटी पौंडांच्या घरात गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या परिषदेने नवा खर्च थांबवत असल्याची वैधानिक नोटीस काढली. तिचं मोठं कारण महिला कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाची थकबाकी हे होतं, हे खरं. पण या संगणकाच्या खड्ड्याचंही नाव त्या कारणांत आहे. जे शहर आपल्या खिशात किती आहे हेच सांगू शकत नाही, ते देणी कशी भागवणार?

आता सल्लागाराच्या टेबलावर काय असतं ते पाहू. पहिलं काम पाहणीचं. आज काम कसं चालतं, ते खुर्चीवर बसणाऱ्या माणसाकडून समजून घ्यायचं. साहेबाकडून नव्हे, कारकुनाकडून. परळच्या एफ दक्षिण कार्यालयात आणि दादरच्या जी उत्तर कार्यालयात एकाच परवान्याची फाइल वेगळ्या टेबलांवरून जाऊ शकते, आणि दोघांनाही वाटतं, नियम हाच आहे. गणपती मंडळाच्या मंडपाची परवानगी घ्या. त्यात पालिका आहे, स्थानिक पोलीस ठाणं आहे, वाहतूक पोलीस आहेत, अग्निशमन दल आहे. लालबागच्या कार्यकर्त्याला हा प्रवास तोंडपाठ असतो. सल्लागाराला तो कागदावर काढता आला पाहिजे. अलीकडच्या वर्षांत ही परवानगी एक खिडकी पद्धतीने ऑनलाइन मिळू लागली, त्यामागे असलाच कागद असतो. कुणाची सही कुणाच्या आधी, आणि एकाने अडवलं तर बाकीच्यांनी थांबायचं की नाही, हे त्यात ठरतं.

या पाहणीला कंटाळून काही सल्लागार सोपी वाट धरतात. दुसऱ्या शहराचा अहवाल घ्यायचा, नाव बदलायचं. एका छोट्या नगरपालिकेची निविदा माझ्यासमोर आली होती. विदर्भातलं गाव, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे. आणि आवश्यक सुविधांच्या यादीत होतं, रस्त्यावरील बर्फ हटवण्याचं वेळापत्रक! परदेशी शहराचा मसुदा तसाच उचललेला. मुख्याधिकारी हसले. पण गंमत इथेच संपत नाही. यादीत जे लिहिलं असतं त्याचे पैसे लागतात, आणि जे लिहायचं राहतं त्याचे नंतर दुप्पट लागतात.

दुसरं काम निविदेचं, आणि सगळी मेख इथे आहे. अशा खरेदीत नुसता सर्वांत कमी दर पाहत नाहीत. गुणवत्तेला काही टक्के, दराला काही टक्के असे भार ठरवतात. ७० आणि ३० हे प्रमाण नेहमीचं. समजा, पहिल्या कंपनीला तांत्रिक गुण मिळाले ९० आणि तिचा दर १२ कोटी. दुसरीला गुण ७५ आणि दर ९ कोटी. सर्वांत कमी दराला १०० गुण धरायचे, म्हणजे दुसरीला दराचे १००, पहिलीला ७५. आता ७०-३० ने मांडा. पहिलीचे होतात साडेपंच्याऐंशी, दुसरीचे साडेब्याऐंशी. पहिली जिंकली, पालिकेने तीन कोटी जास्त दिले. तेच प्रमाण ५०-५० ठेवलं असतं तर? पहिलीचे साडेब्याऐंशी, दुसरीचे साडेसत्त्याऐंशी. दुसरी जिंकली. कंपन्या त्याच, दर तेच, गुणही तेच. निकाल फिरला तो भार ठरवणाऱ्या एका ओळीने. ती ओळ पाकिटं उघडण्याच्या कितीतरी आधी सल्लागाराने लिहिलेली असते.

७०-३० वाईट आणि ५०-५० चांगलं असं मी म्हणत नाही. रुग्णालयाच्या पगाराची प्रणाली स्वस्त आणि कच्ची घेण्यापेक्षा महाग आणि पक्की घेतलेली परवडते. पण हे प्रमाण का ठेवलं, याचं उत्तर लेखी असायला हवं. तसंच पात्रतेच्या अटींचं. 'अमुक लोकसंख्येच्या वरच्या, अमुक राज्यातल्या, अमुक वर्षांत पूर्ण केलेल्या दोन महापालिकांचा अनुभव' अशी अट वाचली की मी बोटं मोडून पाहतो, या देशात असे किती जण आहेत? उत्तर एक आलं, तर ती निविदा नाही, मापाने शिवलेला सदरा आहे.

गिरणगावातल्या जुन्या माणसांना जॉबर आठवत असेल. गिरणीत कामगार भरती करायचा तो. मालकाचा विश्वासू, आणि कामगारांचाही म्हणवणारा. कामाला लावायची दस्तुरी तो कामगाराकडून घ्यायचा आणि पगार मालकाकडून. दोन्ही बाजूंचं खाणारा मध्यस्थ ही संस्था आपल्याला नवी नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात तिला फक्त इस्त्रीचा शर्ट आला.

न्यूयॉर्कने याची किंमत मोजली आहे. तिथे शहराच्या कर्मचाऱ्यांची हजेरी आणि कामाचे तास नोंदवण्यासाठी सिटीटाइम नावाचा प्रकल्प १९९८ साली घेतला गेला. कंत्राट सव्वासहा कोटी डॉलरच्या आसपास. पुढे तो आकडा सुमारे सत्तर कोटींवर पोचला. मुख्य कंपनीच्या कामावर देखरेख करायला शहराने वेगळा गुणवत्ता सल्लागार घेतला होता. चौकशीत निघालं की देखरेख करणाराच आपल्या माणसांच्या कंपन्यांकडून दलाली खात होता, आणि जितके जास्त लोक कामावर दाखवले जातील तितकी त्याची कमाई वाढत होती. डिसेंबर २०१० मध्ये आरोप ठेवले गेले, २०१२ मध्ये मुख्य कंपनीने ५० कोटी डॉलर परत देण्याची तडजोड केली, २०१३ मध्ये त्या सल्लागारावरचे आरोप सिद्ध झाले. चोरावर ठेवलेला पहारेकरीच वाटेकरी, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून मी एक गोष्ट नेहमी तपासतो, सल्लागाराची फी कशी ठरली आहे? प्रकल्पाच्या किमतीच्या टक्केवारीने असेल, तर प्रकल्प महाग होण्यात त्याचा फायदा आहे. माणूस कितीही सज्जन असो, अशा जागी त्याला बसवू नये. फी ठोक असावी आणि टप्प्यांत मिळावी. आणि शेवटचा मोठा टप्पा प्रणाली वर्षभर चालल्यानंतर.

तिसरं काम कुणालाच आवडत नाही, माहिती स्वच्छ करणं. माझ्या मते निम्मे प्रकल्प इथे बुडतात. पालिकेचं मध्यवर्ती खरेदी खातं भायखळ्याला आहे. तिथून वेगवेगळ्या रुग्णालयांसाठी वस्तू घेतल्या जातात. आता एकच पट्टीचा गॉज एका ठिकाणी 'गॉज बँडेज', दुसरीकडे 'बँडेज क्लॉथ', तिसरीकडे नुसता 'गॉज' म्हणून लिहिला जात असेल, तर संगणकाला त्या तीन वस्तू वाटतात. तो तीनदा मागवील, आणि तिन्ही ठिकाणी शिल्लक असूनही 'साठा नाही' म्हणेल. पुरवठादारांचंही तसंच. एकच माणूस 'आणि कंपनी', 'अँड को.', 'अँड सन्स' अशा तीन नावांनी नोंदलेला असेल, तर एकाच कामाचं बिल दोनदा निघू शकतं. हे शोधायला हुशार अभियंता लागत नाही, चिकाटीचा कारकून लागतो. चांगला सल्लागार या कामासाठी वेगळे महिने आणि वेगळे पैसे निविदेतच राखून ठेवतो. वाईट सल्लागार 'माहितीचं स्थलांतर' असे दोन शब्द लिहून पुढे जातो.

आणि चौथं, माणसं. २०१८ च्या सुमारास पालिकेने बायोमेट्रिक हजेरी पगाराच्या प्रणालीशी जोडली. उद्देश योग्य होता, कामावर न येणाऱ्यांचा पगार निघू नये. पण अनेकांचे पगार कापले गेल्याच्या तक्रारी आल्या आणि कामगार संघटना उभ्या राहिल्या. मी कागदावर हा प्रश्न कसा दिसतो तेवढंच सांगतो. रात्रपाळीची परिचारिका एका तारखेला बोट लावून आत जाते आणि दुसऱ्या तारखेला बाहेर पडते. यंत्राला तारीख बदलली की दिवस बदलला. अर्ज कागदावर मंजूर झालेली रजा प्रणालीत चढली नाही, तर ती गैरहजेरी. बोटांच्या रेषा झिजलेल्या सफाई कामगाराचं बोट यंत्राने ओळखलं नाही, तर तो आलाच नाही. यातलं काहीही अनपेक्षित नाही. चाचणीच्या यादीत रात्रपाळी, रजा आणि झिजलेलं बोट या तीन ओळी असल्या पाहिजेत, आणि त्या चाचण्या होईपर्यंत जुनी आणि नवी पद्धत दोन-तीन महिने बरोबरीने चालवली पाहिजे. महिन्याच्या सात तारखेला घरभाडं देणाऱ्याला 'सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती चालू आहे' हे उत्तर देता येत नाही.

संगणक आला म्हणजे गैरव्यवहार गेला, असंही समजू नका. २०१४ साली मुंबईत ई-निविदांचं प्रकरण बाहेर आलं. छोट्या कामांच्या निविदा ऑनलाइन भरण्याची खिडकी अवेळी आणि अगदी थोड्या वेळापुरती उघडली जात होती, म्हणजे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यानेच भरावी. अभियंत्यांवर कारवाई झाली. या प्रकरणाकडे मी दोन्ही बाजूंनी पाहतो. प्रणालीत 'खिडकी किमान अमुक दिवस उघडी राहिलीच पाहिजे' असं कुलूप आधीच घातलं असतं, तर हे घडलं नसतं. ते कुलूप मागणं हे सल्लागाराचं काम. पण खिडकी केव्हा उघडली, केव्हा मिटली, कुणाच्या नावाने, याची वेळ संगणक लिहून ठेवतो. कागदी पेटीच्या काळात ते कुणाला कळलं असतं?

हा विषय आता काढायचं कारण असं. सॅपची जी जुनी आवृत्ती जगभर वापरात आहे, तिची नेहमीची देखभाल २०२७ अखेर थांबवण्याचं कंपनीने जाहीर केलं आहे. जास्त पैसे भरून आणखी काही वर्षं काढता येतील. पण ज्या ज्या संस्था त्या आवृत्तीवर उभ्या आहेत, त्यांना पुन्हा बाजारात उतरावं लागतं आहे. पुन्हा सल्लागार, पुन्हा पाहणी, पुन्हा भार आणि गुण. पालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर होतं. ज्या चोपडीत एवढी रक्कम लिहायची, ती चोपडी कोण निवडतो, हे कुणी विचारायचं?

आपण विचारू शकतो. पालिकेच्या निविदा संकेतस्थळावर येतात. निविदापूर्व बैठकीत कंपन्यांनी काय शंका काढल्या आणि पालिकेने काय उत्तर दिलं, हे टिपणही बहुधा सोबत असतं. ते जरूर वाचा, मापाचा सदरा असेल तर बाकीचे शिंपी तिथेच कुरकुरलेले दिसतात. बाकीचं माहितीच्या अधिकारात मागा. सल्लागाराच्या नेमणुकीचं पत्र, त्याची फी ठरवण्याची पद्धत, विक्रेत्याशी हितसंबंध नसल्याचं त्याचं प्रतिज्ञापत्र, आणि प्रणाली ताब्यात घेताना झालेल्या चाचण्यांचा अहवाल. अर्ज वॉर्डात न देता माहिती-तंत्रज्ञान खात्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे द्यावा. शुल्क दहा रुपये आहे.